अकरावे पुस्तक

आरंभीच क्षमा मागतो. आमच्या घराण्यात पटवाऱ्याच्या कागदावर अंगठा उठवण्यापलीकडे कोणी काही लिहिलेले नाही, आणि मी लिहायला बसलो आहे तेही एका फार किरकोळ गोष्टीविषयी. स्वस्त कागदी बांधणीची डिटेक्टिव्ह पुस्तके, आणि त्यांतले मला न मिळालेले एक. पुस्तकांवर लिहायचेच तर थोर ग्रंथांवर लिहावे, एवढे कॉलेजात कळले. पण थोर ग्रंथ मी परीक्षेसाठी वाचले. ही पुस्तके वडिलांसाठी वाचली, म्हणून ती जास्त आठवतात. वाचणाऱ्याला यात काही नसले तर दोष माझा समजावा.

आमचे गाव डोणगावपासून अडीच कोसांवर. वडिलांचा मळा आहे, त्यात वांगी, मेथी, मिरची, कांदा. मेहकरच्या शाळेत मी इंग्रजी दुसरीत होतो तेव्हा वडील एकदा म्हणाले, "काय शिकून राह्यला ते वाचून तं दाखव." मी शाळेचे पुस्तक काढून एक धडा वाचला. अर्ध्यातच ते बैलांकडे पाहू लागले. मला फार वाईट वाटले. माझ्या खोलीत आधी राहणारा मुलगा जाताना एक फाटके पुस्तक टाकून गेला होता, ते पिशवीत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मोट सोडल्यावर विहिरीच्या धावेवर, बैल मोट ओढतात त्या उतारावर, बसून ते वाचायला घेतले. एक गुप्तहेर, एक बंद कारखाना आणि विहिरीत लपवलेली पेटी. बैलांचा चारा खाऊन झाला, ऊन कलले, तरी वडील मोट जुंपायला उठेनात. माय घरून बोलवायला आली तेव्हा ते तिला म्हणाले, "थांब वं, माणूस हिरीत उतरून राह्यला."

त्या दिवसापासून तो गुप्तहेर आमच्या घरात 'आपला माणूस' झाला.

त्या लेखकाची अशी अठरा पुस्तके होती. पंजात मावतील एवढी, पिवळट कागदाची, दोन पिनांनी टाचलेली. प्रत्येकाच्या पातळ मुखपृष्ठावर एकाच रंगात छापलेले एक चित्र असे: कुठे कंदील, कुठे किल्ली, कुठे स्वाराविना धावणारा घोडा. वडिलांना अक्षर येत नव्हते, पण चित्रे येत होती. सुटीत घरी आलो की ते पेटीतून स्वतः पुस्तक निवडून काढत. "आज घोड्याचं वाच. त्यातला थो मुनीम लई हरामखोर हाय." दसऱ्याला माय सगळी पुस्तके पाटावर मांडून हळदकुंकू वाही. कंदिलाच्या पुस्तकावर कुंकवाचा डाग आहे तो तिचाच. मी एकदा कुरकुरलो तर म्हणाली, "पुस्तक हाय ना? मंग सरस्वतीच थे."

पुढे दुसऱ्या कोणा प्रकाशकाने नवी आवृत्ती काढली. पांढरा कागद, जाड पुठ्ठा, वर नुसती अक्षरे. मी हौसेने पहिले पुस्तक घेऊन गेलो. वडिलांनी ते उलटसुलट करून पाहिले.

"हे कोणतं?"

"कंदिलाचं, बाबा."

"कंदील कुठी हाय?"

नवी आवृत्ती लढाईच्या कागदटंचाईत आठव्या पुस्तकाशी थांबली, आणि मी जुन्याच प्रती गोळा करायचे ठरवले. चित्रासकट, सगळ्या अठरा. मॅट्रिक होईपर्यंत सतरा झाल्या. अकरावे पुस्तक राहिले.

ते राहून चालण्यासारखे नव्हते. दहाव्याच्या शेवटी आपला माणूस गिरणीच्या भिंतीवरून अंधारात उडी घेतो आणि पुस्तक संपते. मागच्या पानावर अकराव्याचे नाव आणि 'छापत आहे' एवढे शब्द. बाराव्याच्या पहिल्याच पानावर तो काठी टेकत, डावा पाय ओढत येतो. पाय कशाने गेला हे कोणी विचारत नाही, तोही सांगत नाही. पुढल्या सगळ्या पुस्तकांत काठी आहे.

"पाय कायनं मोडला त्याचा?" वडिलांनी विचारले.

"ते अकराव्यात असेल. मिळालं की वाचतो."

"मंग मिळव."

हे बोलणे झाले तेव्हा मी अमरावतीला कॉलेजात जायचा होतो. नंतर प्रत्येक सुटीत, मोटारीतून उतरून वळकटी ओट्यावर ठेवतो न ठेवतो, तोच वडील विचारत, "सापडलं का?" परीक्षेचे कधी विचारले नाही. परीक्षेतले त्यांना काही कळत नव्हते. पाय मोडलेला कळत होता. एकदा शेजारच्या मळेवाल्यासमोर ते हसत म्हणाले, "आमचं पोरगं कालेजात शिकून राह्यलं, पण एका माणसाचा पाय कायनं मोडला ते काई त्याले सांगता येत नाही." शेजारी हसला, मीही हसलो. पण ते मला लागले. आमच्या घरातून पहिल्यांदाच कोणी एवढे लांब शिकायला गेले होते, आणि घरच्यांनी विचारलेला एकच प्रश्न मला सुटत नव्हता.

डोणगावच्या बाजारात एक मुसलमान बाइंडर बसत. पुस्तके, चोपड्या, पोथ्या बांधायचे आणि जुनी पुस्तकेही विकायचे. पांढरी दाढी, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. पहिल्या दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्याकडे गेलो आणि अकरावे पुस्तक आहे का विचारले.

"अकरावं?" त्यांनी सरसाचा ब्रश खाली ठेवला. "भेटन ना, बाबू. पुढच्या बाजाराले ये."

मी पुढच्या बाजाराला गेलो.

"अरे, ज्याच्यापाशी हाय थो माणूस आज आलाच नाही. पुढच्या बाजाराले पक्कं."

त्या सुटीत मी चार बाजार केले. शेवटच्याला ते म्हणाले, "तू जाय कालेजाले. मी ठेवतो तुह्यासाठी." मी निश्चिंत होऊन अमरावतीला गेलो. वसतिगृहात खोलीतल्या सोबत्यालाही सांगितले की संच पुरा होत आला. तो नागपूरचा. माझ्या बोलण्याची आणि या पुस्तकांची तो सारखीच थट्टा करी. "काय बे, लंगडा सापडला का?" हे त्याचे रोजचे वाक्य झाले.

उन्हाळ्याच्या सुटीत गेलो तर चाचांनी तीन पुस्तके काढून दिली. पाचवे, सहावे, नववे. ती माझ्याकडे होती. शिवाय त्यांनी तिन्ही एकत्र शिवून वर जाड पुठ्ठा चढवला होता, आणि मुखपृष्ठे फाडून टाकली होती.

"चित्रं कुठं गेली, चाचा?"

"थे पतले कागद काय कामाचे? मजबूत करून देल्लं तुले. नातवाच्या नातवाले पुरन."

राग आला, पण वयाने एवढ्या मोठ्या माणसावर रागवायचे कसे? मी अकराव्याचे विचारले. बहुधा माझा चेहरा पाहूनच ते म्हणाले, "थे मी वाचलं हाय. सांगू काय तुले?" आणि सांगू लागले. उडी मारल्यावर आपला माणूस सापाच्या वारुळावर पडतो. साप पायाला डसतो. एक वैदू चाकूने मांस कापून विष काढतो. हे सांगायला त्यांना दोन बाजार लागले, कारण मध्ये गिऱ्हाईक आले. मी घरी येऊन वडिलांना सांगितले. त्यांनी मन लावून ऐकले आणि बरेच दिवस विचारले नाही.

पण पुढच्या दसऱ्याला देऊळगाव राजाला बालाजीच्या जत्रेत गेलो. मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. दोनदा उतरून ढकलावी लागली. जत्रेत जालन्याकडून आलेला एक पुस्तकवाला होता. त्याच्या पथारीवर अशी पुस्तके ढिगाने पडलेली. मी ढीग खालीवर केला. आमच्या लेखकाची पाच होती, अकरावे नव्हते. विचारले तर म्हणाला, "अकरावं का? सकाळीच गेलं की. पुढच्या जत्रेला आणतो." मग गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून की काय, त्याने आपणहून सांगितले की त्यात गुप्तहेर वाघाच्या सापळ्यात सापडतो आणि त्याचा पाय लोखंडी दातांत चिरडतो.

"साप नाही का?" मी विचारले.

"सापही हाये. तो नंतर येतो."

हे मी वडिलांना सांगायला नको होते, पण सांगितले. मला खोटे बोलणे जमत नाही, आणि जमले असते तरी त्यांच्याशी बोललो नसतो. ते धावेवर बसले होते. त्यांनी तंबाखू मळता मळता विचारले, "मंग खरं कोणतं? साप का सापळा?"

"पुस्तक मिळाल्याशिवाय कसं सांगू, बाबा."

"म्हंजे आतालोक मले माहीत होतं, आता थेही गेलं."

सगळ्यांत जास्त मन कष्टी झाले ते वडनेर भोलजीला. तिथल्या एका निवृत्त मास्तरांकडे पूर्ण अठरांचा संच आहे असे कोणीतरी छातीठोकपणे सांगितले. नाताळच्या सुटीत मी घरी न जाता आधी तिकडे गेलो. मलकापूरला उतरून पुढे वाळूच्या गाडीत बसलो आणि राहिलेली वाट पायी चाललो. मास्तर वारले होते. त्यांची पत्नी, वयस्क बाई, त्यांनी मला पाणी दिले, गूळ दिला, आणि काय काम ते विचारले. मी पुस्तकांचे नाव काढताच त्यांनी कोनाड्याकडे बोट दाखवले. तिथे टोपल्या होत्या. सहा-सात, लहानमोठ्या, राखाडी रंगाच्या.

आमच्याकडे बाया रद्दी भिजवून, त्यात मेथ्या वाटून घालून, मडक्यावर लिंपून टोपल्या करतात हे मला ठाऊक होते. माझ्या मायनेही केल्या आहेत. पण त्या टोपल्यांवर मला जागजागी अक्षरे दिसत होती. एका काठावर घोड्याचा एक पाय आणि शेपूट होते.

"मास्तर गेल्यावर वाचणार कोण, बाबू? उधई लागली होती, पानं खाऊन राह्यली होती."

"अकरावं होतं का हो, आजी, त्यात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी एवढ्या लांबून आलो होतो. "होतं वाटते," त्या म्हणाल्या. "या मोठ्या टोपलीत असन."

मी ती टोपली उजेडात धरून फिरवून पाहिली. हे लिहितानाही लाज वाटते. एका ठिकाणी 'पाय' असे काहीसे दिसले, पण तो शब्द कोणत्याही पुस्तकात असतो. निघताना त्यांनी ती टोपली मलाच दिली. नको म्हटले तरी ऐकेनात. आणि माळ्यावरच्या संदुकीखाली टेकू म्हणून लावलेले एक पुस्तक काढून दिले. तिसरे होते, किल्लीचे. माझ्याकडे होते, पण त्याचे मुखपृष्ठ अर्धेच होते. हे अखंड निघाले. तेवढ्यासाठी त्यांचे उपकार मानून परतलो.

वडिलांनी टोपली हातात घेतली, तिचा कानोसा घेतल्यासारखी कानाशी धरली आणि मला परत दिली. "घे. वाच अकरावं." माय तिकडे तोंडाला पदर लावून हसत होती. आता त्या टोपलीत लसूण असतो.

शेवटच्या वर्षीच्या दिवाळीत मी वडिलांबरोबर गाडीतून डोणगावच्या बाजाराला गेलो. भाजीची ओळ बाजाराच्या एका टोकाला आणि चाचा दुसऱ्या टोकाला, मशिदीच्या भिंतीशी. वडिलांना दुकान सोडून कधी तिकडे येता आले नव्हते. त्या दिवशी भाजी लवकर उठली. एक बाई शेवटी आली आणि वांगी मागू लागली. वांगी संपली होती. वडील म्हणाले, "वांगे वाढले, माय. पुढच्या बाजाराले सकाऊन ये, तुह्यासाठी काढून ठेवतो." मग गोणपाट झटकून ते मला म्हणाले, "चाल, पाहू तुहा थो पुस्तकवाला."

चाचांनी वडिलांना बसायला चटई दिली. पाऊसपाण्याचे, कापसाचे बोलणे झाले. मग मी विचारले. चाचांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "भेटते ना, बाबू. पुढच्या बाजाराले ये."

रामराम-सलाम करून आम्ही उठलो. गाडी गावाबाहेर पडल्यावर त्यांनी विचारले, "किती दिवसांपासून असं म्हणून राह्यला थो?"

"तीन वर्षं होत आली."

"अन तू दर बाजाराले जात गेला?"

"हो."

"अबे, थो तुले नाही म्हणून राह्यला." त्यांनी बैलांकडे पाहतच सांगितले. "तीन वर्षं झाले, बिचारा नाही म्हणून राह्यला, अन तू ऐकूनच नाही राह्यला. दुकानावर बसून गिऱ्हाईकाले नाही म्हणाव काय? आता त्या बाईले म्या काय सांगतलं? पुढच्या बाजाराले वांगे हायेत काय आपल्यापाशी? सारे तोडून आणले तं."

हे मला माहीत नव्हते असे नाही. लहानपणी मी त्याच ओळीत गोणपाटावर बसलो आहे. मिरची संपली आणि मी 'नाही' म्हणालो म्हणून वडिलांनी माझा कान पिळला आहे. दुकानावर 'नाही' म्हटले की बरकत जाते. हे मी कॉलेजात जाऊन विसरलो. तिथे मी शब्दाचा जो अर्थ कोशात तोच धरायला शिकलो, आणि मग माझ्याच बाजारात मला माणसांचे बोलणे कळेना. चाचांचे, जत्रेतल्या पुस्तकवाल्याचे, वडनेरच्या आजींचे. कोणी खोटे बोलले नव्हते. माझे तोंड उतरू नये म्हणून प्रत्येकाने जवळ होते ते दिले, एकाने साप, एकाने सापळा, एकीने टोपली. चीड त्यांची आली नाही, माझीच आली. एवढ्या खेपा, एवढी वर्षे, आणि नागपूरचा सोबती हसत होता ते बरोबरच होते की काय, असे वाटत राहिले.

गाव जवळ आल्यावर वडील म्हणाले, "ज्यानं लिवलं त्यालेच काऊन नाही इचारत?"

लेखकाला पत्र लिहिता येते हे मला खरोखरच सुचले नव्हते. लेखक म्हणजे पुस्तकावरचे नाव, त्यापलीकडे त्याला घर, दार, टपाल असेल असे कधी मनात आले नाही. मी म्हणालो, पत्ता कुठे आहे? वडिलांना अर्थातच ठाऊक नव्हते. पण घरी आल्यावर मी पेटीतली सतरा पुस्तके एकेक करून पाहिली, आणि वडनेरच्या किल्लीच्या पुस्तकात, अखंड मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला, बारीक अक्षरात लेखकाचा स्वतःचा पत्ता निघाला. पुण्यामुंबईचा नव्हता, खानदेशातल्या एका गावचा होता. तेवढे पुस्तक त्यांनी स्वतःच छापले असावे. माझ्या जुन्या प्रतीत नेमका तेवढाच भाग फाटला होता.

पत्र लिहायला मला आठ दिवस लागले. 'श्रीयुत' लिहावे की 'तीर्थरूप', इथूनच अडचण. पहिल्या मसुद्यात मी त्यांच्या भाषाशैलीविषयी बरेच लिहिले आणि खोडले. शेवटी एवढेच राहिले की माझे वडील शेतकरी असून त्यांना वाचता येत नाही, आपली सतरा पुस्तके त्यांना पाठ आहेत, आणि गुप्तहेराचा पाय कशाने मोडला हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. अकरावे पुस्तक कुठे मिळेल ते कळवावे. साप की सापळा हेही विचारले.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी अमरावतीहून घरी विचारत राहिलो आणि गावातला शाळामास्तर वडिलांच्या वतीने लिहीत राहिला की काही आले नाही. परीक्षा झाली. माझा एक पेपर वाईट गेला. पास झालो की नाही हे कळायच्या आधीच घरी आलो. या वेळी वळकटी ठेवली तरी वडिलांनी काही विचारले नाही. त्यांचे ते न विचारणे मला फार जड गेले.

वैशाखात एके दुपारी टपालवाला मळ्यातच आला. पोस्टकार्ड होते, अक्षर थरथरते, ओळी चढत गेलेल्या. मोट सोडली होती. वडील धावेवर बसले होते, माय निंबाखाली लसूण सोलत होती. मी उभ्यानेच वाचले. ते असे:

"आपले पत्र फिरत फिरत उशिरा पावले, कारण मी घर बदलले. अकरावे पुस्तक आपणास कोठेही मिळणार नाही. ते मी लिहिलेच नाही. दहावे छापून झाले तेव्हा विषय मनात होता, म्हणून नाव आणि जाहिरात दिली. पुढे घरी आजारपण आले, आणि छापखान्याला बारावे आधी हवे होते, ते देऊन टाकले. त्यात काठी का दिली ते आता आठवत नाही. काहीतरी योजले असेल. पायाविषयी आजवर कोणीही विचारले नव्हते. साप आणि सापळा दोन्ही चांगले आहेत, मला सुचले नसते. आपल्या वडिलांस माझा नमस्कार सांगावा. ते एवढे वाट पाहत आहेत तर अकरावे आता लिहितोच. पुढच्या दिवाळीपर्यंत हाती पडेल."